चिंचोक्यांना रांग कळत नाही

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि दिघीच्या जेट्टीवर चला. मे महिन्याची दुपार आहे. समोर खाडी, खाडीपलीकडे आगरदांडा, आणि पाण्यातून फेरीबोट सावकाश इकडे येते आहे. उतारावर गाड्यांची रांग लागली आहे. पर्यटकांच्या मोटारी, दोन मोटारसायकली, बर्फाची एक गाडी, आणि तिच्यामागे निळा टेम्पो. त्या टेम्पोत चांगदेव बसले आहेत. त्यांना चहाची तल्लफ आली आहे आणि टपरी हाकेच्या अंतरावर आहे. पण ते उतरले आणि तेवढ्यात रांग सरकली तर? मागचा हॉर्न वाजवेल, त्याच्या मागचा पुढे घुसेल, आणि चांगदेवांना शेपटाला जाऊन पुन्हा उभं राहावं लागेल. म्हणून ते घामानं भिजतात, पण स्टेअरिंग सोडत नाहीत. रांगेत जो टिकतो त्याचा नंबर लागतो, हे त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना लहानपणीच शिकवून ठेवलं होतं.

दिसली रांग? आता डोळे उघडा, पण ती विसरू नका. कारण चांगदेवांच्या घरात जो घोळ झाला, तो या रांगेमुळेच झाला.

चांगदेवांची धाकटी मुलगी कल्पिता नुकतीच सहावी पास झाली होती. तिचा दादा प्रज्योत बंदराच्या वजनकाट्यावर कामाला होता. दर मे महिन्यात तो गल्लीतल्या दोन-तीन पोरांना पायऱ्यांच्या विहिरीत पोहायला शिकवायचा. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, पोटाखाली हात धरायचा आणि गप्पा मारता मारता हात कधी काढून घ्यायचा ते पोराला कळायचंही नाही. मागच्या वर्षी भक्ती आणि सिद्धेश ही शेजारची जुळी भावंडं शिकली. कल्पिता तेव्हा तापानं पडली होती. दादा म्हणाला होता, "रडू नको. पुढच्या मे महिन्यात पहिला नंबर तुझा."

तो मे महिना आला होता आणि निम्मा सरलाही होता. कल्पितानं कॅन धुऊन, झाकण घट्ट लावून, दोरी ओवून तयार ठेवला होता. पाऊस सुरू झाला की विहीर तुडुंब भरते आणि पाणी गढूळ होतं, मग पोहणं बंद. आणि दादा संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन सरळ आतल्या खोलीत जायचा आणि एका डब्यासमोर प्लास्टिकचं स्टूल ठेवून बसायचा.

डबा म्हणजे एक यंत्र होतं. जेवणाच्या डब्याएवढं, वर छोटासा पंखा, पुढे बोटभर पडदा आणि त्यावर पळणारे आकडे. दिवाळीच्या सुमारास दादानं ते हौसेनं आणलं तेव्हा आईनं, म्हणजे कमळनं, विचारलं होतं, "ह्ये करतं काय?"

"बिटकॉइन शोधतं," दादा म्हणाला. "बिटकॉइन म्हणजे पैसाच, पण नोट नाही की नाणं नाही. फक्त कॉम्प्युटरांच्या जाळ्यात असतो. त्याच्या देण्याघेण्याचा सगळा हिशेब जगभरातल्या कॉम्प्युटरांवर असतो आणि थोड्या थोड्या वेळानं त्याला नवं पान जोडावं लागतं. पान जोडायचा मान कोणाला? ज्याच्या यंत्राला एक जुळणारा आकडा सापडेल त्याला. तो डोकं चालवून सापडत नाही. हा टाक, तो टाक, असे आकडे टाकतच राहायचे. ज्याचा जुळला त्याला बक्षीस. याला मायनिंग म्हणतात."

"आणि तुझा कदी जुळणार?"

"लागेल की नंबर."

झालं. 'नंबर' हा शब्द घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. नंबर लागतो कसा, तर रांगेत उभं राहून. आठवडे गेले, महिने गेले. थंडीत आईनं यंत्राच्या उबेला दह्याचं पातेलं ठेवून पाहिलं, तर दही असं घट्ट लागलं की तिनं ते शेजारी नेऊन दाखवलं. तेव्हापासून कोणी चौकशी केली की ती सांगायची, "मशीनमंदी नंबर न्हाय लागला अजून. दही लागतं पन."

दादाचा मित्र केतन म्हणायचा, "अरे, एकटा कशाला झिजतोस? पूलमध्ये जा. हजारो लोक मिळून शोधतात, कोणालाही सापडला तरी सगळ्यांना वाटा."

दादा मान हलवायचा. "एवढे महिने थांबलोय. आता जवळ आला असेल. आत्ता सोडलं तर सगळं फुकट."

आणि चांगदेव टॉवेलनं मान पुसत म्हणायचे, "बरोबर हाय त्याचं. रांग सोडली की नंबर ग्येला."

कल्पितालाही ते पटायचं. म्हणून तर ती हट्ट करत नव्हती. दादा रांगेत उभा आहे, त्याचा नंबर लागला की तो उठेल आणि मग आपला लागेल, असा तिचा हिशेब होता. आपल्याही मागे पाऊस रांगेत उभा आहे, एवढंच तिला टोचत होतं.

अशात पालीहून जयमाला आत्या आली. आत्या म्हणजे चांगदेवांची थोरली बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. गल्लीतली पोरं तिला बाई म्हणत. दर सुट्टीत ती आंब्यांची पेटी घेऊन यायची आणि आंबे कधीच सरळ हातात द्यायची नाही. काहीतरी करायला लावायचीच.

"आक्का, शाळा सुटली तरी तुजी छडी काय सुटत न्हाय," चांगदेव हसायचे.

या खेपेस तिनं प्रज्योतला स्टुलावर बसलेलं पाहिलं, रांगेची आणि केतनच्या पूलची सगळी हकीकत ऐकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चिंचोके भाजून मधोमध फोडले. तुम्ही फोडलेला चिंचोका पाहिलाय ना? आतून पांढरा, बाहेरून तपकिरी. असे आठ-आठ तुकडे तिनं कल्पिता, भक्ती आणि सिद्धेशच्या ओंजळीत दिले.

"जमिनीवर टाका. आठही पांढरे पडले की सहा आंबे."

"सहाच्या सहा?" सिद्धेशनं विचारलं.

"सगळे तुझे. पण प्रत्येकानं आपापलं खेळायचं."

ओसरीवर नुसता खुळखुळाट सुरू झाला. तीन पांढरे, पाच पांढरे, चार. सिद्धेशनं हात उंच नेऊन, तोंडानं काहीबाही पुटपुटत चिंचोके टाकले आणि थोड्याच वेळात आठही पांढरे पडले. तो सहा आंबे पोटाशी धरून ओसरीभर नाचला.

"हात लागतो त्याला," असं म्हणून त्यानं बहिणीला आपला हात दाखवला.

"आंबे धरून चिकट झालाय तो," भक्ती म्हणाली.

कल्पिता आणि भक्ती उन्हं कलेपर्यंत टाकत राहिल्या. कल्पिताचे एकदा सात पांढरे पडले आणि आठवा तिच्याकडे पाठ करून तपकिरी पडला. संध्याकाळी दोघी रिकाम्या हातानं उठल्या. सिद्धेशनं भक्तीला एक कोय चोखायला देऊ केली. ती तिनं त्यालाच फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी कल्पिता सगळ्यांच्या आधी ओसरीवर हजर होती.

"आज माझा नंबर जवळ आलाय," ती आत्याला म्हणाली. "काल एवढे टाकले मी."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? काल एवढा वेळ थांबले ना मी."

"थांबलीस खरी. पण हे चिंचोक्यांना ठाऊक आहे का, ते विचार."

कल्पिता हसली. तरी तिनं एक तुकडा कानाशी नेला. मग तळहातावर घेऊन उलटासुलटा करून पाहिला. कालचा एकही डाव त्याच्यावर उमटलेला नव्हता. आत्यानं टोपलीतून एक नवाकोरा चिंचोका फोडून त्याच्या शेजारी ठेवला. "यातला दमलेला कोणता आणि ताजा कोणता?"

कल्पितानं दोन्ही निरखले. भक्तीनंही डोकं खुपसलं.

"सारखेच आहेत," कल्पिता म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे आज पहिल्यांदा खेळायला येईल त्याला आणि मला…"

"एकच संधी."

"मग कालचं सगळं फुकट?"

"काल मजा आली असेल तर फुकट नाही. पण कालचा डाव आजच्या डावाला ढकलत नाही. चिंचोक्यांना रांग कळत नाही, बाळ."

 कल्पितानं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दादा कामावर गेला होता, पण यंत्राचा पंखा घूं घूं करत होता.

"आज दुसरी तऱ्हा," आत्या म्हणाली. "तिघांनी मिळून खेळा. कोणाचेही आठ पांढरे पडले तरी सहा आंबे तिघांत."

मिळून खेळायचं ठरलं तेव्हा सिद्धेश भिंतीला टेकून बसला आणि कालचा शेवटचा आंबा चोखायला लागला. मुली टाकत होत्या. हा मधूनच चिंचोके हातात खुळखुळवायचा, पण टाकायचा नाही.

"ए, टाक ना," भक्ती खेकसली.

"टाकतोय की. तू बघत नव्हतीस."

"बाई, ह्याला वाटा नाही द्यायचा."

"तो म्हणतो टाकले. तू म्हणतेस नाही टाकले. मी कोणाचं खरं मानू?" आत्या म्हणाली. "काहीतरी सुचवा."

भक्ती म्हणाली, प्रत्येक डाव बाईंनी पाहावा. आत्या म्हणाली, माझे डोळे जातील. मग कल्पिताला ते कालचे सात पांढरे आठवले. आठ क्वचित पडतात, पण सहा-सात बऱ्याचदा पडतात. जो खरंच टाकत राहील त्याचे पडणारच. नुसता खुळखुळवत बसेल त्याचे कुठून पडणार?

"सहा पांढरे पडले की आत्याला दाखवायचे," ती म्हणाली. "सहाच्या वर पडले तरी. मग आत्यानं ज्याच्या त्याच्या करवंटीत एक शिंपला टाकायचा. आंबे शिंपल्यांवर वाटायचे."

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की कल्पिताला आंबा मिळाल्यासारखंच वाटलं. "पूलमध्ये अगदी हेच करतात," ती म्हणाली. "जुळता आकडा एखाद्यालाच सापडतो. पण जवळपास जाणारे आकडे सगळ्यांना सापडतात, ते दाखवायचे आणि त्यावरून वाटा. आता माझंही ऐका. सहातला अर्धा आंबा माझा."

"तो का म्हणून?" सिद्धेश.

"शिंपले कोण सांभाळतंय? भांडणं कोण मिटवतंय?"

"आणि तू शिंपले चोरलेस तर?" कल्पितानं विचारलं.

"हा प्रश्न नेहमी विचारावा. करवंट्या सगळ्यांच्या समोर ठेवल्यात, मोजून बघायच्या. पटलं नाही तर माझी ओसरी सोडून दुसऱ्या ओसरीवर जायचं."

आता सिद्धेशचा हात आपोआप चालायला लागला. करवंट्यांत शिंपले पडत गेले. कल्पिताची करवंटी सगळ्यांत भरली, भक्तीची तिच्या मागोमाग. आणि चहाच्या वेळेला आठही पांढरे पडले ते पुन्हा सिद्धेशच्याच हातून.

"माझे," तो ओरडला. "मी टाकले. सगळे माझे."

"काल तू एकटा होतास, तेव्हा सगळे तुझेच होते," आत्या म्हणाली. "आज एकत्र आहात. आज ज्यानं टाकले त्यालाही शिंपल्यांप्रमाणेच."

सिद्धेशच्या वाट्याला जेमतेम एक आंबा आला. बाकीचे मुलींना गेले, आणि आत्यानं आपला अर्धा कापून त्यांच्यासमोरच खाल्ला.

"मी उद्यापासून एकटाच खेळणार," सिद्धेशनं जाहीर केलं.

"खेळ. त्यात वाईट काही नाही. लागला तर कोणाला वाटा द्यायला नको, अर्धा आंबाही कापून जाणार नाही. फक्त रिकाम्या हातानं घरी जायची तयारी ठेव, आणि तीही हसत."

तो खरंच पुढचे दिवस एकटा खेळला. त्याला पुन्हा एकदाही लागला नाही, पण खुळखुळाट काही थांबला नाही. काही माणसांना आंब्यापेक्षा डावच गोड लागतो.

त्या संध्याकाळी दादा आला, हातपाय धुतले आणि स्टुलावर बसला. कल्पिता त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि आठ चिंचोके त्याच्या हातात दिले.

"टाक."

"कशाला गं?" असं म्हणत त्यानं टाकले. चार पांढरे.

"आता मी सांगते. हे चिंचोके तू दिवाळीपासून टाकतोयस असं समज. ह्यांना ते माहीत आहे का?"

दादा हसला. "नाही."

"मग तुझ्या मशीनला माहीत आहे?"

दादाचं हसू तसंच राहिलं, पण डोळे पडद्याकडे गेले. आकडे पळत होते. 

"तू उठलास तर नंबर जातो का?" कल्पितानं विचारलं. "मागचा पुढे घुसतो का? मागे कोणी आहे का तरी?"

"नाही गं," दादा हळू म्हणाला. "हे डोक्याला ठाऊक होतं. पोटाला ठाऊक नव्हतं. पोटाला वाटायचं, एवढा थांबलोय, आता लागलाच." त्यानं चिंचोके पुन्हा टाकले, दोन पांढरे पडले, आणि या वेळी तो मोकळेपणानं हसला. "आणि जगात गोदामंच्या गोदामं भरून मशिनी आहेत, त्या पोत्यानं चिंचोके टाकतात. माझे हे आठच. एकट्याला लागेल उद्यासुद्धा, सांगता येत नाही. पण वाट बघायची म्हटली तर माझ्या नातवंडांच्या नातवंडांना बघावी लागेल."

तेवढ्यात टेम्पो लावून चांगदेव आत आले. दादा यंत्राला पूलचा पत्ता देत होता.

"रांग सोडलीस व्हय रं?" त्यांनी धसकून विचारलं.

"रांगच नव्हती, बाबा. मी एकटाच जेट्टीवर उभा होतो."

"मंग एवढं दिवस मी काय तुला थांब थांब म्हनत होतो?" चांगदेव भिंतीला टेकले. "आनि बोट?"

"बोट कधीही येते. कुठंही लागते."

चांगदेवांनी याचा थोडा वेळ विचार केला. "अशी बोट आपल्या खाडीत चालायची न्हाय," ते म्हणाले आणि चहा मागितला.

सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात वाट्याचा पहिला आकडा उमटला. शून्यापुढे पुष्कळ शून्यं आणि मग कुठंतरी शेवटी दोनचा आकडा.

"झालं किती?" आईनं विचारलं.

"दिवसाला चहाच्या कपाएवढे होतील. त्यातला बराचसा कप वीजबिलात जाईल. घोटभर उरेल. तोही लगेच हातात नाही येत, साठला की पाठवतात."

"घोट तर घोट. कोरड्या कपापरीस बरा," आई म्हणाली. "पन मशीन जागचं हलवू नको. थंडीत दह्याला लागंल."

कल्पिताला वाटलं, सुटले. आज संध्याकाळी विहीर.

पण संध्याकाळी दादा घरी आला, हातपाय धुतले आणि स्टुलावर बसला. आता तर तो आणखी पुढे वाकून बसला होता, कारण पूर्वी काहीच घडत नव्हतं आणि आता सारखं घडत होतं. शेवटचा दोन होता त्याचा तीन झाला. तीनचा चार झाला.

"दादा, विहीर."

"हो हो. एवढा पाच होऊ दे."

पाच झाला. मग तो म्हणाला, सहा होऊ दे. ओसरीवर आत्या वांगी चिरत होती. तिनं कल्पिताकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि पुन्हा वांग्याकडे वळली. खाडीच्या बाजूला आभाळात ढगाचा एक करडा पट्टा दिसायला लागला होता.

कल्पितानं दारामागचा कॅन घेतला. दोरी पाठीला आवळून गाठ मारली. मग ती आतल्या खोलीत गेली.

"दादा, जरा उभा राहा."

"का गं?" असं म्हणत, पडद्यावरची नजर न काढता, तो उभा राहिला.

कल्पितानं त्याच्या मागचं स्टूल उचललं, डोक्यावर उपडं घातलं आणि दार, ओसरी, अंगण ओलांडून चालू लागली. मागून आधी दादाची हाक आली, मग आत्याचं हसणं, मग चपला शोधल्याचा आवाज. तिनं वळून पाहिलं नाही. विहिरीपाशी पोहोचल्यावर तिनं स्टूल पायऱ्यांच्या तोंडाशी, पाण्यापासून चांगलं लांब, नीट टेकवलं आणि पाठीवरचा कॅन सावरत त्यावर ताठ बसली. हा नंबर चिंचोक्यांचा नव्हता. हा रांगेचा होता, आणि रांगेत ती पहिली होती.